लायसन्स आलं, रिग आली, आता नुसता कंटाळा. हॅम रेडिओत गप्पांपलीकडे काही आहे का?

मुका_माईक

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर स्वतःच्या रेडिओवरून लोकांशी संपर्क साधायचं, लायसन्स मिळून चौदा महिने झाले. परीक्षेचा अभ्यास इतका मन लावून केला होता की क्यू-कोड (रेडिओवरचे तीन अक्षरी संकेत) झोपेतही बडबडत असेन. मग हँडहेल्ड, म्हणजे हातातला छोटा सेट घेतला, पाठोपाठ एक जुनी १०० वॉटची एचएफ रिगही आली, लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हचा मोठा सेट. आज हँडहेल्ड चार्जरवर पडून आहे आणि रिग प्रिंटरच्या खाली. प्रिंटरला मात्र बरोबर उंची मिळाली आहे.

लॉगबुकात २७ नोंदी. त्यातल्या १९ त्याच चार माणसांच्या. रोज संध्याकाळी रिपीटरवर, म्हणजे सगळ्यांचे सिग्नल पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवर, नेट भरतं, पाळीपाळीने बोलायची बैठक. सिग्नल ५९ (म्हणजे खणखणीत), हवा ढगाळ, तब्येत ठीक, सगळ्यांना ७३ (म्हणजे शुभेच्छा). माणसं चांगली आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण माझी पाळी जवळ आली की शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखी छाती धडधडते. कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव सांगतो, ‘माझ्याकडे विशेष काही नाही’ म्हणतो आणि पीटीटी, बोलायचं बटण, सोडतो. खरंच विशेष काही नसतं.

एचएफवर तर तेवढंही जमलं नाही. खिडकीतून सहा मीटर वायर बाहेर सोडली होती, ऐकू आली ती नुसती चरचर.

मुळात मी गप्पिष्ट नाही. फोनवरही दोन वाक्यांत काम उरकतो. मग या छंदात आलास कशाला, असं भाऊ विचारतो आणि मला उत्तर सुचत नाही. लहानपणी रेडिओची सुई फिरवताना दोन स्टेशनांच्या मधे जी विचित्र कूं-कूं यायची ती फार आवडायची, एवढंच. जाणत्यांनी सांगावं, यात आणखी काही आहे का? की विकून मोकळा होऊ?

पुढचा_बोला

विकू नका, कॉन्टेस्ट करा, जास्तीत जास्त स्टेशनं गाठायची स्पर्धा. तिथे गप्पा मारायला कुणाला वेळच नसतो. कॉलसाइन, ५९, झोन नंबर, धन्यवाद, पुढचा बोला. दहा सेकंदांत विषय संपला. सीक्यू वर्ल्डवाइड या स्पर्धेचा आवाजाचा भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला असतो, मोर्सचा नोव्हेंबरच्या. ४८ तास बँड यात्रेसारखा फुललेला असतो. हवापाण्याबद्दल चकार शब्द नाही!

मुका_माईक

४८ तास?! मला चार मिनिटांचं नेट झेपत नाही, दादा.

वायरवाली

ती कूं-कूं आवडायची म्हणता आणि छंदात का आलो म्हणून विचारता? त्यासाठीच आलात की. मधे परीक्षा आली आणि परीक्षेने तुम्हाला वाटायला लावलं की हा बोलण्याचा छंद आहे.

मी यात बावीस वर्षं आहे आणि माझा माईक या क्षणी कुठे आहे हे मला शोधावं लागेल. मलाही नेटवर बोलायला जमत नाही. सुरुवातीला चार-सहा वेळा गेले, मग सोडून दिलं. त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही.

आधी एक काम करा, ज्यात पीटीटीला हात लावायची गरज नाही. रिग १४.१०० मेगाहर्ट्झवर लावा, मोड सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा. घड्याळ सेकंदाला सेकंद जुळवून शेजारी ठेवा. या एका फ्रीक्वेन्सीवर जगभरातले १८ बीकन, म्हणजे आपोआप खुणेचा सिग्नल सोडणारी स्टेशनं, पाळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला १० सेकंद. तीन मिनिटांत सगळ्यांची एक फेरी पूर्ण होते आणि लगेच दुसरी सुरू. दिवसरात्र. जपान, केनिया, फिनलंड, पेरू, न्यूझीलंड. त्यातले काही अधूनमधून बंद असतात, ते सोडा. मोर्स येत नसेल तरी अडत नाही, कारण कोण बोलतंय ते घड्याळच सांगतं. फिनलंडचा ओएच२बी १४.१०० वर दर फेरीत २ मिनिटं १० सेकंदांनी येतो. तास सुरू झाल्यापासून तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या मोजा, म्हणजे झालं.

आता खरी गंमत ऐका. प्रत्येक बीकन आधी मोर्समध्ये स्वतःची कॉलसाइन पाठवतो आणि मग एकेक सेकंदाच्या चार लांब रेघा. कॉलसाइन आणि पहिली रेघ १०० वॉटवर. दुसरी १० वॉटवर. तिसरी १ वॉटवर. चौथी ०.१ वॉटवर, म्हणजे एका वॉटचा दहावा भाग! हजारो किलोमीटरवरून. पहिल्यांदा मला दोनच ऐकू आल्या होत्या. तिसरी ऐकायला मला दीड महिना लागला, आणि चौथी ज्या संध्याकाळी आली त्या संध्याकाळी घरात कुणाशी बोलू तेच कळेना, कारण सांगणार काय? ‘एक बारीक आवाज आला’?

हेच बीकन पुढच्या दहा सेकंदांत १८.११०, मग २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० वर सरकत जातात. त्यांच्या मागे मागे फिरलात की या घडीला कुठला बँड कुठल्या दिशेला उघडा आहे ते अर्ध्या तासात कळतं. पुस्तकात वाचलेला आयनांबर, रेडिओ लहरी परतवणारा आकाशातला विद्युतभारित पट्टा, इथे कानाला लागतो. खालच्या बँडवर दिवसा त्याचा ‘डी’ थर सिग्नल गिळतो आणि सूर्य कलला की तो थर विरतो, हे तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. एकदा सूर्यास्ताच्या वेळी ७ मेगाहर्ट्झवर कान देऊन बसा. अर्ध्या-पाऊण तासात लांबची स्टेशनं एकेक करून अशी वर येतात की दिवेलागण होते आहे असं वाटतं.

तुमच्या चरचरीचं मात्र आधी बघावं लागेल. ती आकाशातली नसावी, घरातली असावी. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. चरचर गेली तर स्विच लावून एकेक वस्तू चालू करत जा. माझ्याकडे चोर निघाला एका दिव्याचा स्वस्तातला ड्रायव्हर, त्याला वीज पुरवणारा डबा. तो दिवा कुणी लावत नव्हतं म्हणून कधी संशयच आला नव्हता, पण ड्रायव्हर प्लगमध्येच होता.

मुका_माईक

ताई, हे वाचून प्रिंटर उचलला. मेन स्विचचा प्रयोग उद्या, घरी कुणी नसताना. पण अँटेनाचं काय? मोठा मनोरा वगैरे माझ्याच्याने होणार नाही.

वायरवाली

मनोरा कशाला? वायर. माझं नाव बघा.

वायरची लांबी म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. १४.१ साठी १०.१ मीटर होतात, म्हणजे मधोमध कोॲक्स (रिगकडे जाणारी केबल) जोडून दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरचे पंख. मध्य उंच, टोकं खाली, उलटा व्ही. एक खांब पुरतो. टोकं हाताला लागणार नाहीत अशी ठेवा, ट्रान्समिट करताना तिथे व्होल्टेज चढतं. आणि विजेच्या तारांपासून लांब, हे सांगायला नको.

वायर हिशेबापेक्षा लांबच कापा, ५.३ मीटरचा एकेक पंख. मग एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना रिगला किती जुळते त्याचं माप, बघत थोडी थोडी कमी करा. दोन्ही बाजूंनी ५-५ सेंटिमीटर गेलं की अँटेनाची फ्रीक्वेन्सी साधारण १४० किलोहर्ट्झने वर सरकते. हा हिशेब मी पहिल्या वेळी केला नव्हता. पाऊस येईल म्हणून घाईघाईत कचाकच कापत गेले आणि अँटेना बँडच्या वरच्या टोकातून बाहेर पडली. कापलेले तुकडे पुन्हा सोल्डर करून जोडले. त्या गाठी अजून आहेत, अँटेनाही तीच आहे. पाऊस त्या दिवशी आलाच नाही.

जुनी_बत्ती

सगळं ठीक आहे, पण न बोलणाऱ्याला हल्ली सगळे एफटी८ या कॉम्प्युटरवरच्या डिजिटल मोडवर पाठवतात. कृपा करून त्या नादाला लागू नका. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात आणि माणूस खुर्चीत डुलक्या घेतो. त्याला रेडिओ म्हणायचं का?

वायरवाली

बत्तीदादा, हा वाद आपण इथे किती वेळा घातलाय! पण मुद्दा त्यांच्या कामाचा आहे म्हणून बोलते.

एफटी८ लिहिणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे खगोलशास्त्रज्ञ. १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पल्सारवरच्या कामासाठी. दूरच्या ताऱ्याची टिकटिक गोंगाटातून वेचून काढणाऱ्या माणसाने तीच विद्या आपल्या छंदात आणली, मला त्याचं अप्रूपच वाटतं. १५ सेकंदांच्या खिडकीत ७७ बिटांचा निरोप जातो. त्यात नमस्कारालाही जागा नाही, हे खरं. मीही गप्पा म्हणून ते वापरत नाही. पण त्यांचंच त्याआधीचं डब्ल्यूएसपीआर बघा, आपण ‘व्हिस्पर’ म्हणतो ते. २०० मिलिवॉटवर दोन दोन मिनिटांचा निरोप रात्रभर सोडून झोपायचं आणि सकाळी नकाशा उघडायचा. कुणीकुणी ऐकलं त्याच्या रेघा आखलेल्या असतात. वायरचा एक पंख पूर्वेकडे वळवला तर फरक पडतो का, हे विचारायला याहून चांगला माणूस मिळणार नाही. डुलकी घेतली तरी चालते.

जुनी_बत्ती

चला, ‘व्हिस्पर’ तुम्हाला माफ. पण मोर्सबद्दल अजून एक शब्द काढला नाहीत तुम्ही!

वायरवाली

येते ना त्यावर. मोर्स मी पस्तिशीनंतर शिकले आणि आधी चुकीचं शिकले. ठिपके-रेघांचा तक्ता भिंतीवर चिकटवून पाठ केला. त्याने होतं काय, की कान ऐकतो, मग डोकं भिंतीवरचा तक्ता शोधतं, तोवर तीन अक्षरं निघून जातात. सहा महिने वाया गेले. मग पहिल्या दिवसापासून अक्षराचा पूर्ण वेगाने येणारा आवाज ऐकायचा, दोनच अक्षरांनी सुरुवात करायची आणि ती पक्की झाली की तिसरं घ्यायचं, ही कॉखची पद्धत धरली. ‘डा-डी-डा’ म्हणजे के. ते मोजायचं नाही, ढोलकीचा बोल ओळखतो तसं ओळखायचं.

अबोल माणसासाठी यासारखी जागा नाही. रिपोर्ट, नाव, ठिकाण, रिगचे दोन शब्द, ७३. कुणी कमी बोललं म्हणून कुणाला खटकत नाही, सगळेच कमी बोलतात. आणि तरी माणूस कळतो. अक्षराला वळण असतं तसं हाताला असतं. साध्या कीवर, मोर्सच्या हाताने दाबायच्या खटक्यावर, पाठवणारे एक गृहस्थ आहेत, शेवटची ‘डा’ किंचित ओढतात, जिना चढताना शेवटच्या पायरीवर थांबावं तसं. कॉलसाइन यायच्या आधीच मला कळतं की तेच आहेत. मधे चार महिने आले नाहीत. परत आले तेव्हा ती ‘डा’ जरा थरथरत होती. मी काही विचारलं नाही. वेग मिनिटाला १८ वरून १२ शब्दांवर आणला, त्यांनीही आणला.

झुडपातला_यागी

ताई खुर्चीतून उठायचं नाव घेत नाहीत म्हणून मी सांगतो, फॉक्स हंट! कुणीतरी छोटा ट्रान्समीटर लपवतो, बाकीच्यांनी शोधायचा. बोलणं शून्य, पायपीट भरपूर. तुमच्या हँडहेल्डने आजही सुरुवात होते. तो छातीशी धरून जागच्या जागी गोल फिरा. सिग्नल सगळ्यात कमी होईल तेव्हा कोल्हा, म्हणजे तो ट्रान्समीटर, तुमच्या पाठीमागे, कारण मधे तुमचंच शरीर आडवं येतं. पुढे हौस वाढली की पोलादी मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून तीन एलिमेंटांचा यागी करा, म्हणजे एका दिशेला रोखून ऐकणारी अँटेना. मोजपट्टी अशासाठी की झुडपात घुसलात तर वाकते आणि बाहेर आलात की पुन्हा सरळ होते.

जवळ पोचलं की रिसीव्हर इतका भरून जातो की सगळ्या दिशा सारख्याच. तेव्हा ५-१० किलोहर्ट्झ बाजूला सरका किंवा अँटेनाच काढा. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी पाऊण तास एका पत्र्याच्या टाकीला प्रदक्षिणा घातल्या. सिग्नल टाकीवर आपटून येत होता. कोल्हा रस्त्याच्या पलीकडे, ज्याने लपवला त्याच्याच पिशवीत, आणि तो बसून मला बघत होता.

नवा_चंद्र

मी तर अजून लायसन्सच्या अभ्यासात आहे, पण हँडहेल्ड असेल तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची चित्रं पकडून बघा. ती अधूनमधूनच येतात, काही विशेष दिवशी, १४५.८०० वर. फोनमध्ये एसएसटीव्हीचं, म्हणजे आवाजातून चित्र काढणारं, ॲप टाकायचं आणि फोन स्पीकरजवळ धरायचा. एक चित्र दोन मिनिटं चालतं, ओळ ओळ वरून खाली उतरतं. माझ्या पहिल्या चित्रात मधोमध आडवा रंगीत पट्टा आहे. त्या क्षणी आमच्या दाराची बेल वाजली होती!

मुका_माईक

बेलचा पट्टा भारी! ताई, उपग्रहांवर तुम्ही कधी काम केलंय का? की तिथेही रांगेत उभं राहून बोलावं लागतं?

वायरवाली

केलंय, आणि एकाच उपग्रहावर जीव आहे. बाकीचे येतात-जातात.

ऑस्कर-७, आपले सिग्नल परत खाली पाठवणारा हॅम मंडळींचा उपग्रह. १५ नोव्हेंबर १९७४ ला वर गेला. १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट झाली आणि गप्प पडला. लोकांनी त्याला मेलेला धरलं. जून २००२ मध्ये एकाला त्याचा बीकन ऐकू आला, एकवीस वर्षांनी. झालं असं होतं की शॉर्ट झालेली बॅटरी कालांतराने आतून तुटून ओपन झाली, आणि सोलर पॅनलची वीज तिच्यात वाया जायची ती थेट रेडिओला मिळू लागली. म्हणून तो फक्त उन्हात जगतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद, बाहेर आला की पुन्हा जागा होतो, आणि दोन मोडपैकी कुठल्या मोडमध्ये जागा होईल याचा भरवसा नाही.

त्याच्यावर एक शिस्त आपोआप पाळली जाते. बॅटरीचा आधार नसल्यामुळे कुणी जास्त पॉवर ओतली की उपग्रहाचं व्होल्टेज हलतं आणि सगळ्यांचेच सूर एकदम डगमगतात. मोर्स ऐकत असाल तर स्वच्छ ‘डा’ अचानक रडवेली होते. मग ज्याने गडबड केली तो शरमून पॉवर कमी करतो. नेटवर असं काही असतं तर!

एकदा त्याच्यावरून एका बाईंशी मोर्समध्ये बोलत होते. मी रिपोर्ट दिला, त्यांनी दिला, त्यांचं नाव यायला लागलं. पहिलं अक्षर एम. दुसरं ए. तिसऱ्याची पहिली ‘डी’ आली आणि पुढे काहीच नाही. हिस्स. आधी वाटलं माझा कोॲक्स निघाला, खाली वाकून कनेक्टर चाचपून पाहिला. मग घड्याळाकडे बघितलं. उपग्रह सावलीत गेला होता.

लॉगबुकात नावाच्या रकान्यात ‘एमए’ आणि एक ठिपका आहे. त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत.

मुका_माईक

तीन आठवड्यांनी येतोय. प्रिंटर जमिनीवर आहे.

मेन स्विचचा प्रयोग केला. चोर आमच्याकडे दोन. एक लॅपटॉपचा चार्जर, दुसरा, लाज वाटते सांगायला, हँडहेल्डचाच चार्जर. चौदा महिने तोच चालू होता. दोन्ही काढल्यावर खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

वायर ५.३ चीच कापली आणि दोन-दोन सेंटिमीटर करत आणली. भावाने खांब धरला. ‘बोलणार कुणाशी?’ विचारलं त्याने. म्हटलं, सध्या कुणाशीच नाही.

काल संध्याकाळी घड्याळ लावून १४.१०० वर बसलो. २ मिनिटं १० सेकंद. कॉलसाइन आली, मोर्स येत नसूनही शेवटचा बी कळला कारण तो आधी ॲपवर दहा वेळा ऐकून ठेवला होता. पहिली रेघ ठणठणीत. दुसरी बारीक, पण जागेवर. तिसरी आली, हो, आली! चौथीच्या जागी नुसती हिस्स. तीन मिनिटं थांबलो. पुन्हा तीनच. आणखी तीन मिनिटं. घरातून दोनदा हाक आली. अकराव्या फेरीला चौथीच्या जागी हिस्समध्ये काहीतरी जरा सरळ झाल्यासारखं वाटलं.

लॉगबुकात लिहिलं आहे. पेन्सिलीने.